बेचाळीस नंबरचा बूट

"घट्ट होतोय?"

"छे. बरोबर बसलाय."

"अंगठा हलवून दाखवा बरं."

"हलवतोय की."

मला काही हलताना दिसेना. मी वाकून बुटाच्या टोकावर बोट दाबायला गेलो, तर नानांनी पाय झटकन स्टुलाखाली ओढून घेतला. "अहो श्रीनिवासराव, तुम्ही नका हात लावू. ह्या ताईंना बघू द्या."

दुकानातल्या ताई खाली बसल्या, त्यांनी बुटाचं टोक चाचपलं आणि माझ्याकडे बघून नाक मुरडलं. बेचाळीस नंबर नानांना सरळसरळ लहान होत होता.

नाना म्हणजे माझे सासरे, पद्माकर गायधनी, पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले. गायधन्यांच्या घरात जावयाकडून नमस्कार घेत नाहीत. लग्नात ज्याचे पाय आपण धुतले, त्यानं आपल्या पायांना हात लावला तर पाप आपल्याला लागतं, अशी त्यांच्याकडची समजूत. दिवाळीत मी वाकलो की नाना विंचू दिसल्यासारखे मागे सरायचे. एवढं एक सोडलं तर माणूस मोकळा. निवृत्तीनंतर माझ्या नादी लागून त्यांनी सायकल घेतली, आणि तीही जाड टायरची, डोंगरात चालवायची. अंजनेरीच्या पायथ्याच्या कच्च्या रस्त्यांवर आम्ही सासरा-जावई दर रविवारी धडपडायचो आणि घरी येऊन माईंच्या हातची थालीपिठं हाणायचो. माई म्हणजे माझ्या सासूबाई.

त्या मार्चमध्ये माई गेल्या. सकाळी चहा टाकायला म्हणून उठल्या, ओट्याशी खाली बसल्या, त्या परत उठल्या नाहीत. नाना रडले नाहीत. दहाव्याला नाहीत, तेराव्याला नाहीत. आम्ही त्यांना आमच्याकडेच राहायला आणलं. लोक भेटायला यायचे, नाना त्यांना चहा-कॉफी विचारायचे. माझी बायको केतकी, त्यांची एकुलती एक मुलगी, रडून रडून आजारी पडली आणि नाना तिच्या उशाशी बसून पेपर वाचायचे. 'बाबा, काहीतरी बोला ना,' असं तिनं म्हटलं की म्हणायचे, 'काय बोलू? मला काही वाटतच नाहीये गं.' खरं सांगायचं तर त्या दिवसांत आमच्या सगळ्या घरालाच बधिरी आली होती. जेवायचो, झोपायचो, टीव्ही लावायचो आणि आवाज बंद करून बघत बसायचो.

ऑक्टोबरात आमच्या क्लबची हिमाचलची मोहीम होती. जलोडीची खिंड सायकलनं ओलांडायची. आमची दोघांची नावं माई असतानाच दिलेली. मी म्हटलं, राहू द्या आता. नाना म्हणाले, "ठरलंय ना? मग जाऊ." त्यात उत्साह नव्हता आणि नाराजीही नव्हती. भाजी आणायला जाऊ म्हणावं तसं म्हणाले.

केतकीनं मला स्वयंपाकघरात गाठलं. "घेऊन जा त्यांना. घरात बसून बसून तो माणूस भिंत होईल नुसता. पण श्री, जसे नेतोयस तसे परत आण. मला आता आणखी काही सहन होणार नाही, सांगून ठेवते."

"जसेच्या तसे आणतो," मी म्हणालो.

म्हणून ह्या बुटांसाठी आम्ही मुद्दाम पुण्याला आलो होतो. बुटांच्या बाबतीत मी जरा शहाणा समजला जातो. क्लबात मला बूटमास्तर म्हणतात. पाठीमागे आणखी काय म्हणतात ते मी विचारत नाही. आपल्या सह्याद्रीच्या पावसात काहीही चालतं. सँडल घाला, पाणी आलं तसं गेलं. हिमाचलचा ऑक्टोबर म्हणजे ओलं आणि गार एकदम, आणि ही जोडी वाईट. वॉटरप्रूफ लिहिलेलं दिसलं की लोक भुलतात. अहो, पाणी बुटाच्या अंगातून येतच नाही, ते वरून येतं, घोट्याच्या तोंडातून. ओढ्यात एकदा पाय टेकला की आलंच. मग तोच वॉटरप्रूफ बूट त्याला बाहेर जाऊ देत नाही. बसा मग बादलीत पाय घालून पेडल मारत. म्हणून घोट्याला आवळून बसणारा उंच काठ हवा. तळ रबरी हवा, खडकावर चिकटणारा. पेडलला खटकन अडकतात ते बूट नकोत, कारण चिखलात घडीघडी उतरावं लागतं. आणि सगळ्यात महत्त्वाचं, बूट एक नंबर मोठा हवा. आत लोकरीचा जाड मोजा जायला हवा आणि तो घालूनही बोटांना नाचायला जागा उरायला हवी. बोटं आवळली की रक्त फिरत नाही, आणि रक्त नाही फिरलं की मग जगातला कुठलाही बूट पाय गरम ठेवू शकत नाही.

हे सगळं पुराण मी नानांना गाडीत ऐकवलं होतं, दुकानात परत ऐकवलं.

"त्रेचाळीस घालून बघा," मी म्हणालो.

नानांनी घातला. दोन पावलं चालले आणि उभे राहिले. "हा पायात आहे की नाही तेच समजत नाही हो."

"तेच तर हवंय!"

"नको. मला बेचाळीसच द्या. घट्ट असला की कसं, पायात काहीतरी आहे असं वाटतं."

"नाना, तिथं बोटं गारठली ना, की रडायला येईल."

"श्रीनिवासराव, पाय कोणाचे आहेत?"

"तुमचे."

"मग झालं तर."

जावयानं सासऱ्याशी किती वाद घालायचा यालाही काही मर्यादा असते. ताईंनी आतून कोरा जोड आणला, खोका पिशवीत घातला, आणि आम्ही नाशिकला आलो. मी रोज सांगायचो, नाना, बूट घालून गच्चीवर चार चकरा मारा, रुळू द्या. ते म्हणायचे, "नवे आहेत, इथल्या धुळीत कशाला?" त्यामुळे तो खोका बांधला होता तसाच नाशिकहून निघाला आणि हिमाचलात जाऊन पोचला.

खिंडीच्या दिवशी सकाळी पाऊस लागलेलाच होता. बारीक, तिरका, सुया टोचल्यासारखा. नाना नवे बूट घालून खोलीबाहेर आले. नाड्या करकचून बांधलेल्या.

"जमलं?" मी विचारलं.

"फर्स्ट क्लास. आज अगदी फिट्ट बसलेत."

क्लबातली तरुण मंडळी पुढे निघून गेली. सामानाची जीपही खिंडीपलीकडच्या गावी जाऊन थांबणार होती. आम्ही दोघं मागे, आमच्या चालीनं. रस्ता देवदारांतून चढत होता, धुक्यात झाडांचे नुसते बुंधे दिसत होते. रस्त्यावरून तीन-चार ठिकाणी ओढे वाहत होते आणि त्यांत गोटे इतके की सायकल हातात धरून चालतच पार करावं लागायचं. पहिल्याच ओढ्यात माझे बूट भरले. पाणी असं गार की आधी चटका बसल्यासारखं झालं. मग बोटं ठणकायला लागली, आणि वर पावसाचं बर्फ व्हायला लागलं तेव्हा तर प्रत्येक पेडलला मी आईची आठवण काढत होतो.

"नाना, पाय कसे आहेत?"

"छान आहेत."

"ठणकत नाहीत?"

"नाही ओ. काही नाही."

मी चिडलो. खरंच चिडलो. एवढा मी बूटमास्तर, एक नंबर मोठा बूट, वर लोकरीचे मोजे, आणि इथं मी बोंबलतोय. आणि हा म्हातारा एक नंबर लहान बूट घालून संथ लयीत चढतोय. मनात म्हटलं, श्रीनिवासा, घाल ते ज्ञान ओढ्यात.

एका वळणावर धुकं जरा फाटलं आणि खाली सगळी दरी दिसली. पलीकडच्या डोंगरावर ताजं बर्फ पडलेलं.

"काय सुंदर आहे हो," मी म्हणालो.

"असेल," नाना म्हणाले आणि पाण्याची बाटली उघडून घोट घेतला. ते दरीकडे बघत होते, पण भिंतीकडे बघावं तसं. मला तेव्हा त्यांचा राग आला आणि लगेच वाईटही वाटलं. वाटलं, उगाच आणलं ह्यांना. एवढ्या लांब आणून हेच बघायचं होतं तर घरच्या खुर्चीत काय वाईट होते?

खिंडीत माथ्यावर चहाची एक लाकडी टपरी होती. आत पत्र्याची शेगडी पेटलेली. तिकडे तिला तंदूर म्हणतात, पिंपासारखी गोल, आत लाकडं. टपरीवाल्या बाईंनी आमची अवस्था बघून दोघांना शेगडीजवळच्या बाकावर बसवलं आणि म्हणाल्या, "पहले जूते खोलो, बाबूजी."

मी तिथेच बूट-मोजे काढले. बोटं पांढरीफटक. त्यांत रक्त परत यायला लागलं तेव्हा अशी कळ आली की मी चक्क ओरडलो. बाई हसल्या. नाना बूट न काढताच बसले होते, पाय शेगडीकडे पसरून, दोन्ही हातांत चहाचा ग्लास.

"काढा की बूट," मी म्हणालो.

"राहू द्या. काही होत नाहीये मला."

"ओले आहेत ना पण."

"तुमच्यासमोर कुठे पाय उघडे करून बसू? खाली गेल्यावर बघू."

मी नाद सोडला. चहा गरम होता आणि मला दुसरं काही सुचत नव्हतं. मग बाईंनी हवा हुंगली. "कुछ जल रहा है," त्या म्हणाल्या. मलाही वास आला, टायर जळल्यासारखा. मी शेगडीवर बघितलं, माझे मोजे लांब होते. मग खाली बघितलं.

नानांच्या उजव्या बुटाचं टोक शेगडीच्या पत्र्याला टेकलं होतं. रबर वितळून बुडबुडे येत होते, धूर निघत होता. नाना खिडकीबाहेर बघत सावकाश चहा पीत होते.

"नाना! पाय!"

"काय झालं?"

"अहो, पाय जळतोय तुमचा!"

त्यांनी खाली बघितलं. दुसऱ्या कुणाची वस्तू पडली असावी तसं बघितलं. मग पाय ओढून घेतला. "अरेच्चा," म्हणाले, "खरंच की."

मी घाबरलो. इतका की माझ्या बोटांतली कळ थांबली. मी खाली बसलो आणि त्यांचा पाय धरला.

"अहो अहो, हे काय? सोडा, श्रीनिवासराव! पाप लागेल मला!"

"लागू द्या."

"नको म्हणतो ना! ह्या बाई काढतील."

"गप्प बसा हो!" मी ओरडलो. आयुष्यात पहिल्यांदा सासऱ्यावर ओरडलो. त्यांचा घोटा गुडघ्यांत धरला आणि नाडी सोडवायला लागलो. गाठ फुगली होती, दातांनी सोडवली. बूट निघेना. ओढला, हिसडला, तेव्हा पाण्यासकट एकदम निघाला आणि मागून कसला तरी करडा गोळा जमिनीवर पडला.

मी तो उचलला. कागद होता. नव्या बुटाचा आकार मोडू नये म्हणून कारखान्यात टोकाला कोंबतात, तो कागद. पाण्यानं आणि दाबानं लाकडासारखा कडक झालेला, लिंबाएवढा. नाना सकाळपासून बोटं त्याच्यावर दुमडून चढत होते. दहा हजार फुटांवरच्या खिंडीपर्यंत!

मोजा काढला. अंगठ्याखालची कातडी सोलवटून लोंबत होती, तळव्याला भाजल्याचा मोठा फोड, आणि धाकटं बोट जांभळं-काळं पडलेलं. मी त्यांच्या तळव्यावर नख रुतवलं.

"इथं काय होतंय?"

"कुठं?"

"दाबतोय ना मी."

"दाबताय?" नाना म्हणाले.

मी नख काढून घेतलं. बाहेर बर्फाचा पाऊस छपरावर वाजत होता.

"कधीपासून आहे हे?"

"झाली असतील चार-पाच वर्षं. साखरेमुळे होतं म्हणतात. आधी मुंग्या यायच्या, मग त्याही थांबल्या."

"आणि केतकीला सांगितलं नाहीत?"

"तिला कशाला घाबरवायचं? माईला माहीत होतं ना." नानांनी ग्लास खाली ठेवला. "ती बघायची. रोज दिवेलागण झाली की चष्मा लावून पाय मांडीवर घ्यायची. एकेक बोट फाकवून बघायची, कुठे चिरलंय का, कुठे भाजलंय का. मी बाहेर निघालो की आधी बुटात हात घालून बघायची, खडा बिडा आहे का म्हणून. मला कधी बघावंच लागलं नाही."

"आणि मार्चपासून?"

"मार्चपासून कोणी बघितलं नाही," नाना म्हणाले. पेपरातली बातमी वाचून दाखवावी तसं म्हणाले.

बाईंनी घमेल्यात गरम पाणी आणलं. मी ते परतवलं. पाणी कितीही कढत असतं तरी ह्या माणसाला समजणार नव्हतं. मी त्यांचा डावा बूटही उतरवला, त्यातूनही तसाच गोळा निघाला, आणि त्यांच्यासमोर बाकावर बसलो, जाकीट आणि बनियन वर केलं आणि त्यांचे दोन्ही पाय माझ्या उघड्या पोटाला लावले. फोडाची जागा तेवढी मोकळी ठेवली. पोटात गोळा आला, एवढे ते गार होते. नानांनी तोंड फिरवलं आणि छपराकडे बघून हात जोडले. "देवा, माफ कर रे बाबा," असं पुटपुटत होते. मी पाय घट्ट धरून ठेवले. मला रडू आलं नाही. फक्त केतकीला काय सांगायचं हे मनात घोळत होतं.

बाईंनी वाटेवरच्या एका ट्रकवाल्याला थांबवलं, त्यानं सायकलींसकट आम्हाला खाली उतरवलं. दवाखान्यातले डॉक्टर तरुण होते. त्यांनी फोड साफ केला, कातडी कापली, धाकट्या बोटाला चिमट्यानं इकडून तिकडून टोचून बघितलं. नाना समोरच्या भिंतीवरचं लसीकरणाचं चित्र बघत होते. टोचणं चाललंय याची त्यांना गंधवार्ता नव्हती.

हात धुताना डॉक्टरांनी सहज विचारलं, "घर में पैर कौन देखता है इनके?"

मी नानांकडे बघितलं. त्यांनी उत्तर द्यायला तोंड उघडलं आणि उघडंच ठेवलं. मग एकदम आतून हुंदका फुटला, असा मोठा की बाहेरच्या बाकावरची माणसं उठून दारात आली. नाना रडत होते. तोंड वेडंवाकडं करून, नाक गळतंय त्याची शुद्ध नाही, माझी बाही मुठीत धरून. "होती हो," एवढंच परत परत म्हणत होते, "होती हो बघणारी." डॉक्टर बिचारे टॉवेल धरून उभेच राहिले. मी नानांच्या पाठीवरून हात फिरवत होतो आणि मग मलाही रडू आलं, खिंडीत आलं नव्हतं ते सगळं.

केतकीला फोन केला तेव्हा तिनं पहिलं तेच विचारलं, "बाबा ठीक आहेत ना? जसेच्या तसे?"

"नाही," मी म्हणालो आणि सगळं सांगितलं. ती म्हणाली, "रडले?"

"रडले."

"आण त्यांना घरी," ती म्हणाली.

नाशिकला आल्यावर धाकटं बोट काढावंच लागलं. पाय वाचला. पट्ट्या सुटल्यावर प्रश्न आला, रोज बघायचं कोणी? नानांचं म्हणणं, मुलगी आहे ना. केतकीनं पहिल्या संध्याकाळी पाय मांडीवर घेतला, बोटाची रिकामी जागा बघितली आणि तोंडावर पदर धरून आत निघून गेली. दुसऱ्या संध्याकाळी तेच. तिसऱ्या संध्याकाळी मी चष्मा लावला आणि नानांसमोर चौरंग ओढून बसलो.

"जमायचं नाही," नाना म्हणाले. "जावयाकडून? रोज? अहो, नरकातसुद्धा जागा मिळायची नाही मला."

"मग शेजारच्या काकूंना बोलावू का?"

नानांनी गुडघ्यांवर पंचा पांघरला, डोळे मिटून कसलंसं स्तोत्र पुटपुटलं आणि पाय पुढे केला. मग ते रोजचंच झालं. दिवेलागण, स्तोत्र, पाय. मी टॉर्च घेऊन एकेक बोट बघायचो. चुकून काही सुटलं तर, ही धास्ती असायची, म्हणून मी चकार शब्द काढायचो नाही.

असे काही आठवडे गेले असतील. एका संध्याकाळी मी टाच बघत होतो.

"तुम्ही फार गप्प असता हो," नाना म्हणाले.

"लक्ष द्यावं लागतं."

"ती गप्प नसायची."

"काय बोलायच्या माई?"

नानांनी जरा विचार केला. "शिव्या घालायची मला. अंगठ्यापासून सुरू करायची ते शेवटचं बोट संपेपर्यंत. दिवसभराचं काय असेल ते सगळं त्यात निघायचं. मग दोघं जेवायला बसायचो."

मी त्यांच्याकडे बघितलं. ते माझ्याकडे बघत नव्हते. पंच्याचं टोक बोटाला गुंडाळत होते आणि सोडवत होते. स्वयंपाकघरात केतकीची फोडणी चुरचुरत होती, ती थांबली.

मी घसा खाकरला.

"टाचेला भेगा पडल्यात," मी म्हणालो. "तेल लावा म्हणून काल घसा फोडून सांगितलं होतं. कान आहेत की कुठे गहाण टाकलेत? एवढी वर्षं धरणं बांधली, स्वतःच्या टाचेची भेग बुजवता येत नाही. अक्कल कवडीची नाही, आणि म्हणे खिंडी ओलांडतो!"

नानांनी डोळे मिटले होते.

"हं," ते म्हणाले. "पुढे." आणि डावा पाय माझ्या मांडीवर ठेवला.